जंगाल

मराठीत हिरव्याच्या छटा सांगायच्या म्हटल्या की आपण झाडांकडे आणि पाखरांकडे धावतो. पोपटी, मोरपंखी, शेवाळी, पिस्ता, मेंदी, मुगिया. साडीच्या दुकानात गादीवर बसलेला माणूस ही नावं एका दमात म्हणून दाखवतो आणि समोरच्या बाईला त्यातली प्रत्येक छटा वेगळी दिसते, कारण प्रत्येक नावामागे तिने पाहिलेली, खाल्लेली किंवा हाताला लावलेली एक वस्तू असते. या रांगेत पूर्वी आणखी एक नाव उभं असे : जंगाली. चितारी आणि तांबट अशा कसबी लोकांना ते ठाऊक होतं. ‘जंगाल’ हा शब्द जुन्या कोशांत अजून आहे, बोलण्यातून मात्र तो जवळजवळ पुसला गेला आहे. हिरव्याच्या सगळ्या नावांत मला तोच जास्त प्रामाणिक वाटतो. तो रंग कसा दिसतो हे सांगत बसत नाही, कशातून निघतो ते सांगतो.

कानावर पडला की आधी जंगल आठवतं. रंग हिरवा, तेव्हा नाव रानावरूनच आलं असणार, असं म्हणून आपण मोकळे होतो. ही व्युत्पत्ती इतकी सोयीची आहे की खोटी ठरवताना थोडं वाईट वाटतं. गंमत म्हणजे खुद्द ‘जंगल’ हा शब्दही मुळात हिरवा नव्हता. संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडोऱ्याचा मुलूख. आयुर्वेदाने भूमीचे प्रकार केले त्यात पाणथळ ती ‘आनूप’ आणि रखरखीत ती ‘जांगल’. बिकानेरच्या राजांच्या बिरुदात ‘जांगलधर’ येतं ते वाळवंटाकडेच्या या कोरड्या प्रदेशामुळे. घनदाट अरण्य हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. तेव्हा जंगालाचा आणि जंगलाचा संबंध नाहीच. असता तरी हिरवेपणाचा पुरावा म्हणून तो कामाला आला नसता.

जंगालाचं घराणं फारसी आहे. फारसीत ‘जंग’ म्हणजे गंज. हा ज ‘जोर’ किंवा ‘जाळ’मधल्यासारखा म्हणायचा. लढाई या अर्थाचा ‘जंग’ वेगळा, त्यातला ज ‘जीव’मधला. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात आणि घोटाळा होतो. या गंजवाल्या जंगापासून ‘जंगार’, म्हणजे तांब्यावर चढणारा हिरवा थर. अरबीने तो घेतला आणि ‘झिंजार’ केला. आपल्याकडे येताना शेवटच्या र-चा ल झाला, ‘जंगार’चा ‘जंगाल’ झाला, आणि त्याला ई लागून रंगाचं विशेषण तयार झालं. आधी गंज, मग तो खरवडून केलेली पूड, मग त्या पुडीचा रंग, मग तशी दिसणारी कोणतीही वस्तू असा या शब्दाचा प्रवास आहे.

फारसी कवितेत या शब्दाला मोठा मान होता, आणि त्याचं कारण आरसा. काचेचे आरसे घरोघरी येण्याआधी आरसे काशाचे किंवा तशाच धातूंचे असत, घासून चकचकीत केलेले. चार दिवस हात फिरला नाही की त्यांवर जंगार चढायचा आणि चेहरा दिसेनासा व्हायचा. सूफींना याहून चांगला दाखला कुठे मिळणार? तेराव्या शतकात मौलाना रूमीने ‘मसनवी’च्या सुरुवातीलाच मनाच्या आरशावरच्या जंगाराची गोष्ट काढली आहे. पुढे काचेचे आरसे आले, तेव्हा काचेच्या मागे लावलेल्या लेपालाही तेच नाव मिळालं. गालिबच्या एका शेरात या अर्थाचा फार सुंदर उपयोग आहे. वसंतातला वारा हा त्याच्या लेखी आरसा आणि बाग हा त्या आरशामागचा जंगार. नुसती काच काही दाखवत नाही, मागे लेप हवा. तसा वाराही दिसत नाही, तो दिसतो तो हिरवळीमुळे. गंज, लेप आणि हिरवा रंग असे शब्दाचे तिन्ही अर्थ गालिबने एका ओळीत बसवले आहेत. फारसी कवी आकाशालाही ‘जंगारी घुमट’ म्हणतात. आपल्याला ते खटकेल, कारण आपलं आकाश निळं. पण हा रंग निळ्या-हिरव्याच्या सीमेवरचाच आहे. ताजा जंगाल पाहिला तर दोन माणसं दोन नावं सांगतील.

युरोपात याच द्रव्याची नावं पाहिली की शेजाऱ्यांचं जुनं भांडण ऐकल्यासारखं वाटतं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याला ‘ग्रीसचा हिरवा’ म्हणत. बोलता बोलता ग्रीसचं रूप बदललं आणि ऐकणाऱ्याला ते ‘करड्याचा हिरवा’ असं वाटू लागलं. आजचा फ्रेंच शब्द ‘व्हेर-द-ग्री’ आणि त्यावरून आलेला इंग्रजी ‘व्हर्डिग्रिस’ हे त्या घसरणीचं फळ. जर्मन लोक त्याच रंगाला ‘ग्र्युनश्पान’ म्हणतात, तो ‘स्पेनचा हिरवा’ या लॅटिन नावावरून. माल ज्या बंदरातून आला त्या देशाचं नाव मालाला, एवढाच हिशेब. लॅटिनमधला जुना शब्द ‘एरुगो’ मात्र ‘एस’ म्हणजे तांबं यावरून थेट निघालेला. रोमन आणि इराणी या दोघांनी वस्तूकडे पाहून नाव ठेवलं, बाकीच्यांनी व्यापाऱ्याकडे पाहून.

आता वस्तूकडे येऊ. तांबं हवेत उघडं राहिलं की आधी तपकिरी होतं, मग काळपट, आणि दमट हवेत वर्षं गेली की हिरवं. पण प्रत्येक हिरवा थर हा रसायनाच्या हिशेबाने जंगाल नाही. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता २८ ऑक्टोबर १८८६ रोजी उभी राहिली तेव्हा नव्या नाण्यासारखी तांबूस होती. तिच्या अंगावरचा तांब्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाडीचा. १९०६पर्यंत ती पुरती हिरवी झाली, तेव्हा ती सडते आहे अशी हाकाटी झाली आणि अमेरिकी काँग्रेसने रंगकामासाठी पैसे मंजूर केले. लोकांनी बाहेरून रंग द्यायला कडाडून विरोध केला. लष्कराच्या अभियंत्यांनी तपासलं तेव्हा तो हिरवा थर खालच्या पत्र्याचं रक्षणच करतो आहे असं आढळलं, आणि रंग फक्त आतल्या बाजूला दिला गेला. हा थर मुख्यतः हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी बनलेला, घट्ट आणि पाण्यात न विरघळणारा. चिताऱ्याचा जंगाल तो नव्हे. खरा जंगाल शिर्क्याच्या आम्लातून, म्हणजे ॲसेटिक आम्लातून होतो. तो चूर्णासारखा सुटतो, बराचसा पाण्यात विरघळतो, आणि ज्याला लागेल त्याच्याशी पुढेही काहीतरी करत राहतो. त्याची सगळी कर्तबगारी आणि सगळे उपद्व्याप या एका स्वभावातून येतात.

उपद्व्यापांची ओळख मराठी घरांना चित्रांआधी स्वयंपाकघरात झाली, आणि तिथे त्याला फारसी नाव द्यायची गरजच पडली नाही. पितळेच्या पातेल्यात ताक राहिलं, चिंचेची आमटी राहिली, कढी राहिली, की ती ‘कळकते’. एका क्रियापदात केवढं ज्ञान! नासणं वेगळं, आंबणं वेगळं, विटणं वेगळं. कळकणं म्हणजे आंबट पदार्थाने भांड्यातलं तांबं स्वतःत ओढून घेणं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटाने त्यातलं तांबं सुटतं, कडेला हिरवट रेघ उमटते, चव तुरट आणि धातूसारखी लागते आणि थोड्या वेळाने मळमळू लागतं. मळमळणं ही शरीराची हुशारीच आहे. तांब्याचे क्षार पोटात गेले की ओकारी होते, म्हणून एके काळी वैद्यकात मोरचूद ओकारी आणण्यासाठीच देत. साधं पाणी तांब्यात ठेवलं तर काही बिघडत नाही, म्हणून पाण्याच्या भांड्याला खुशाल धातूचंच नाव पडलं, ‘तांब्या’. तरी पिण्याच्या पाण्यात तांबं किती असावं याला जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा घातली आहे, लिटरमागे २ मिलिग्रॅम. तांब्याच्या भांड्यात लिंबूपाणी भरून ठेवण्याची हल्लीची हौस पाहून जुन्या सुगरणींनी कपाळावर हात मारला असता. आणि देवघरातली भांडी उजळायला आपण चिंचच लावतो, हेही विसरू नये. चिंचेचं आम्ल हिरवा-काळा थर विरघळवतं, तांबं लखलखतं; मात्र ती चिंच नीट धुतली नाही तर दोन दिवसांत तिथेच नवा थर. ज्याने जातो त्यानेच येतो.

यावरचा उपाय म्हणजे कल्हई. कल्हईवाला अंगणात किंवा गल्लीच्या कोपऱ्यावर खड्डा करायचा, कोळसे पेटवायचा, भाता लावायचा. सांडशीत धरलेलं पातेलं तापलं की त्यात नवसागराची चिमूट, त्याबरोबर पांढऱ्या धुराचा लोट आणि नाकात झोंबणारा वास. नवसागराने धातूवरची घाण निघाली की कथलाची कांडी टेकवायची, आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील सर्रकन आतून फिरवायचं. कथील २३२ अंशांना वितळतं, तांब्याला हजारावर अंश लागतात, म्हणून हे जमतं. आतून चांदीसारखं झालेलं भांडं पाण्यात बुडवलं की चर्र आवाज व्हायचा आणि पोरं खूश. आता ‘कल्हई’ हा शब्द पाहा. अरबीत ‘कलई’ म्हणजे कथील. बहुतेक अभ्यासक तो ‘कलाह’ या बंदरावरून आला असं मानतात, आणि ते बंदर मलाया द्वीपकल्पातल्या केडाच्या बाजूला होतं. कथलाच्या खाणी तिथल्याच. म्हणजे कोकणातल्या किंवा देशावरच्या पातेल्याला जंगालापासून वाचवायला मलायाहून धातू आणि अरबी खलाशांकडून शब्द आला. आपल्या फडताळात केवढा भूगोल होता!

इथे तांबट आठवतोच. पुण्यात कसब्याजवळची तांबट आळी, नाशिकची भांडी बाजाराची पेठ, ठोक्यांचा तो लयीतला आवाज. त्याच आवाजाचा एक पक्षीही आहे, उन्हाळ्यात ‘टुक् टुक् टुक्’ करणारा, आणि त्याला आपण तांबट म्हणतो. नाव आवाजावरून पडलं हे खरं. पण त्याला दुर्बिणीतून पाहा. कपाळावर आणि छातीवर लाल, बाकी बराचसा हिरवा. अर्धं गंजलेलं तांबं.

स्वयंपाकघर ज्याला घासून काढत होतं तेच चितारी पैसे मोजून विकत घेत होता. जंगाल मुद्दाम तयार करण्याची विद्या फार जुनी. पहिल्या शतकात रोमचा प्लिनी लिहून गेला आहे की कडक शिर्क्याच्या पिंपात वर तांब्याचे पत्रे टांगतात आणि त्यांवर जमलेला हिरवा थर खरवडतात. माल महाग, म्हणून भेसळही होती. स्वस्तातला हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, त्यात मिसळून विकत. ती ओळखायची युक्तीही प्लिनीने दिली आहे. मायफळाच्या काढ्यात भिजवलेला पपायरसचा कपटा त्या मालाला लावायचा. कपटा काळा पडला तर लोखंड आहे, भेसळ आहे. रसायनशास्त्राच्या इतिहासात कागद वापरून केलेली ही सगळ्यांत जुनी ज्ञात चाचणी मानली जाते. शाळेतला लिटमस कागद तिचाच वंशज.

पुढे या धंद्याची राजधानी झाली दक्षिण फ्रान्समधलं माँपेलिए. चहूकडे द्राक्षांचे मळे, त्यामुळे आंबवण्याला तोटा नाही. घराच्या तळघरात मातीची मडकी, मडक्यात आंबलेल्या द्राक्षांचा चोथा आणि तांब्याचे पत्रे, एकाआड एक थर. काही दिवसांनी पत्रे बाहेर काढायचे, वाइनने किंवा पाण्याने ओले करून रचून ठेवायचे. पत्रे फुगल्यासारखे होतात, वर मऊ निळसर-हिरवा थर येतो, तो सुरीने खरवडायचा. उरलेला पत्रा पुन्हा मडक्यात. अठराव्या शतकात हा उद्योग जवळजवळ पूर्णपणे बायकांच्या हातात होता. तळघर त्यांचं, कसब त्यांचं, व्यापाऱ्याशी घासाघीसही त्यांची. हे तिथल्या विद्वानांनाही दखल घ्यावी असं वाटलं. माँपेलिएचा रसायनतज्ज्ञ शाप्ताल, जो पुढे नेपोलियनचा गृहमंत्री झाला, त्याने या कृतीवर लिहिलं आहे. शास्त्रज्ञाने लिहिलं ते त्याच्या नावावर राहिलं, मडकी लावणाऱ्या बायकांची नावं कुणी लिहिली नाहीत.

फारसी आणि हिंदुस्थानी कृतींत द्राक्षाचा चोथा नाही, थेट शिर्का आहे, आणि त्यासोबत नवसागर. तोच, कल्हईवाल्याचा. पातेल्यात तो कथलाला वाट करून देतो आणि जंगालाला रोखतो. चिताऱ्याच्या भांड्यात तोच नवसागर तांब्याच्या किसाला लवकर गंजवतो.

द्राक्षाचा विषय निघालाच आहे तर एक आडवाट घेतो. फ्रान्सच्या पश्चिमेला बोर्दोकडे रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडत. उद्देश एकच, येणाऱ्याजाणाऱ्याने विषारी समजून द्राक्षं तोडू नयेत. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की या वेलींची पानं डावणी रोगाने गळलेली नाहीत. त्याने प्रयोग केले आणि १८८५ मध्ये मिश्रण जाहीर केलं. तेच आपलं बोर्डो. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागायतदाराला ते सांगायची गरज नाही. एक टक्क्याच्या द्रावणाला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. फवारण्याआधी त्यात लोखंडी विळा किंवा खिळा बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, चुना वाढवायचा. प्लिनीच्या कपट्यानंतर जवळजवळ दोन हजार वर्षांनी बांधावर केलेली ही चाचणी. तो लोखंड शोधत होता, आपण तांबं शोधतो. आणि ‘मोरचूद’? त्याच्या मागे संस्कृतातलं ‘मयूरतुत्थ’ उभं आहे, मोराच्या गळ्याच्या रंगाचं तुत्थ. तो जंगालाचा चुलतभाऊ, पण निळा.

चित्रांकडे परत जाऊ. युरोपात पंधराव्या शतकात याच्याइतका झगझगीत हिरवा दुसरा नव्हता. लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हान आइकचं १४३४ सालचं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र आहे. त्यातल्या बाईचा घोळदार हिरवा झगा जंगालाचा. तेलात घोटलेला, वर चकाकणाऱ्या पातळ लेपांचा, आणि अजून हिरवा. पण हे नशीब सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही. त्या काळच्या कित्येक चित्रांतली झाडं आज चॉकलेटी दिसतात. चित्रकाराने शिशिर रंगवला नव्हता, जंगाल उतरला. १४०० च्या सुमारास चेन्निनी नावाच्या इटालियन कारागिराने रंगविद्येवर पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की डोळ्याला हा सुंदर, पण टिकत नाही, आणि शिशाच्या पांढऱ्याजवळ त्याला नेऊ नका, दोघांचं हाडवैर आहे. लिओनार्दोचीही तक्रार आहे की वरून लगेच वॉर्निश दिलं नाही तर हा रंग उडून जातो. तरीही सगळे तोच वापरत राहिले, कारण दुसरा इतका तेजस्वी हिरवा नव्हता.

कागदावर गोष्ट आणखी बिकट. इराणात, मुघल दरबारात, राजस्थानात आणि पहाडी राज्यांत जंगालाने पोपट रंगले, बागा रंगल्या, गालिचे रंगले. आणि चित्राभोवतीच्या आखलेल्या चौकटी रंगल्या, ज्यांना ‘जदवल’ म्हणत. कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या. तांब्याचे कण त्या साखळ्या हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने तोडत राहतात, स्वतः न संपता. आधी रेघेच्या मागच्या बाजूला तपकिरी डाग उमटतो. मग रेघेखालचा कागद ठिसूळ होतो. मग एक दिवस पान उलटताना चौकटीच्या चारही रेघा तडकतात आणि मधलं चित्र सुटं होऊन हातात येतं. चारशे वर्षं जपलेली पोथी तिच्याच शोभेच्या रेघांनी कापलेली असते. जुनी हस्तलिखितं जपणाऱ्यांना हे दृश्य अपरिचित नाही. मला यात दुर्दैवापेक्षा न्याय जास्त दिसतो. ज्याचं नावच गंज, त्याने गंजाचं काम केलं.

इराणी कारागिरांना हे कळत नव्हतं असं समजू नका. त्यांच्या रंगपोथ्यांत जंगालात थोडं केशर मिसळायला सांगितलं आहे. बराच काळ लोकांना वाटलं की हे रंगाला पिवळी झाक आणण्यासाठी. अलीकडे प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा केशर मिसळलेला जंगाल कागदाला कमी जाळतो असं आढळलं. साखळ्या का तुटतात हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. पण कुणाच्या पोथ्या टिकल्या आणि कुणाच्या तडकल्या हे पाहणारे डोळे आणि ते पुढच्या पिढीला सांगणारे उस्ताद होते. आपल्या चिताऱ्यांकडे दुसरा शहाणपणाचा मार्ग होता. हरताळ आणि नीळ घोटून हिरवा करायचा. पिवळा हरताळ खनिज, नीळ झाडाची, दोन्हींत तांबं नाही. तो हिरवा जरा मवाळ दिसतो, जंगालाचं तेज त्यात नाही, पण कागदाला तो धक्का लावत नाही. अनेक भारतीय चित्रांत पानं शाबूत आहेत ती या मवाळ हिरव्यामुळे.

जंगालाची सद्दी संपवली ती रसायनांनी, आणि सुरुवात चांगली झाली नाही. १७७५ मध्ये स्वीडनच्या शीलने तांबं आणि सोमल एकत्र करून हिरवा केला. १८१४ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टमध्ये जंगाल आणि सोमलाचा आणखी झगझगीत हिरवा बाजारात आला. भिंतीचे कागद, पोशाख, कापडी फुलं सगळं त्या रंगात न्हालं आणि त्यातल्या सोमलाने माणसं आजारी पडली. हाच रंग पुढे पॅरिस ग्रीन या नावाने डासांच्या अळ्या मारायला वापरला गेला, यावरून काय ते समजावं. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गिन्ये याने क्रोमियमच्या हिरव्याचं पेटंट घेतलं, तो निरुपद्रवी आणि टिकाऊ. १९३०च्या दशकात थॅलोसायनिन हिरवा आला आणि जंगाल रंगाच्या दुकानातून उठला. आज प्लास्टिकची बादली, छापील पुस्तकाचं मुखपृष्ठ, ऑइल पेंटचा डबा, यांतला हिरवा बहुधा तोच. गुजरातेतल्या कारखान्यांत तो मोठ्या प्रमाणावर तयार होतो. त्याच्या रेणूच्या अगदी मध्यभागी काय आहे? तांब्याचा एक अणू. फक्त चहूबाजूंनी असा कोंडलेला की त्याला गंजता येत नाही आणि कुणाला गंजवताही येत नाही. हिरव्यातून तांबं गेलं नाही, जंगाल गेला.

स्वयंपाकघरातही तेच झालं. आधी ॲल्युमिनियम, मग स्टील. कल्हईवाल्याची हाक थांबली, त्याच्याबरोबर ‘कळकणं’ हे क्रियापदही. ताक आता स्टीलच्या पातेल्यात दोन दिवस राहिलं तरी फक्त आंबतं. शब्द जपा असा गळा काढण्यात अर्थ नाही. वस्तू गेली की शब्द जातो, त्यात गैर काही नाही. मात्र जिथे वस्तू अजून आहे तिथे शब्द माहीत असणं उपयोगाचं. घरात जुनी सचित्र पोथी असेल, रंगीत किनारीची जन्मपत्रिकेची गुंडाळी असेल, तर एकदा उजेडात हिरव्या रेघांची मागची बाजू पाहा. कागद पांढरा किंवा एकसारखा पिवळट असेल तर तो बहुधा हरताळ-निळीचा हिरवा, निर्धास्त राहा. रेघेमागोमाग तपकिरी छाया उमटली असेल तर तो जंगाल समजावा. तिथे चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, ओलावा त्याला हवाच आहे. पान घडीवर मोडू नका, मध्ये साधा, आम्ल नसलेला कागद घाला, कोरड्या जागी आडवं ठेवा आणि हस्तलिखितांचं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.